कामाच्या वेळेनंतरचे मेसेज: सततच्या संपर्काला मर्यादा कशी घालावी

कामाची वेळ संपल्यावर येणाऱ्या मेसेज आणि ई-मेलचा त्रास बहुतेकांना फोनचा त्रास वाटतो, आणि म्हणून त्यावरचे उपायही फोनमध्येच शोधले जातात. एखादे ॲप काढून टाकले जाते, सुट्टीच्या दिवशी फोन कपाटात ठेवला जातो, स्क्रीनचे रंग घालवून पाहिले जातात. असे उपाय चार दिवस टिकतात आणि पाचव्या दिवशी एखादा महत्त्वाचा मेसेज हुकला की सगळे पूर्ववत होते. मूळ अडचण एका न बोललेल्या अपेक्षेत आहे. मेसेज किती वेळात वाचावा आणि उत्तर कधीपर्यंत द्यावे हे कोणीच कोणाला सांगितलेले नसते, त्यामुळे प्रत्येक जण आपल्या मनाने सर्वांत कडक मुदत गृहीत धरतो आणि ती पाळत राहतो. म्हणून येथे सुचवलेली पद्धत वेगळ्या क्रमाने जाते: आधी प्रत्यक्ष काय चालले आहे ते नोंदवायचे, मग उत्तराच्या वेळेबद्दल सहकाऱ्यांशी आणि वरिष्ठांशी स्पष्ट बोलून घ्यायचे, खऱ्या तातडीसाठी एक स्वतंत्र मार्ग ठेवायचा, आणि फोनच्या सेटिंगला त्यानंतरच हात घालायचा.

वाट पाहण्याचाही थकवा असतो

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९१९ साली आपल्या पहिल्याच करारात उद्योगांतील कामासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, तेव्हा बहुतांश काम कारखान्याच्या फाटकाच्या आतच राहत असे. आता रात्री साडेनऊला आलेल्या मेसेजला उत्तर द्यायला दोन मिनिटे लागतात आणि ती कोणत्याही हजेरीपटावर उमटत नाहीत. त्याहून मोठी किंमत त्याआधीच्या दोन-तीन तासांची असते, कारण त्या वेळात मेसेज येईल या शंकेने फोन हाताशी ठेवलेला असतो आणि मन अर्धे कामातच असते. अमेरिकेतील विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली मांडलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष याच स्वरूपाचा होता: कामाबाहेरच्या वेळेत ई-मेलवर लक्ष ठेवावे लागेल ही नुसती अपेक्षासुद्धा कर्मचाऱ्यांच्या स्वास्थ्याला बाधक ठरते, आणि तिचा परिणाम त्यांच्या जोडीदारापर्यंत पोहोचतो.

दुसरी गोष्ट याहून दिलासादायक आहे. कामाच्या ई-मेलसंबंधी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासमालेत असे आढळले की, तातडी नसलेल्या ई-मेलला पाठवणाऱ्याला जितक्या लवकर उत्तर हवे असते, त्यापेक्षा ते अधिक लवकर हवे आहे असे वाचणारा समजतो. पाठवणाऱ्याने घाई नसल्याचे एका वाक्यात लिहिले, तर हा गैरसमज बराच कमी होतो. म्हणजे या ताणाचा काही भाग कोणीही मागितलेला नाही, आणि तो बोलून कमी करता येतो.

एक आठवडा फक्त नोंद

सुरुवातीला एक पूर्ण आठवडा काहीही न बदलता नोंद ठेवावी. त्यासाठी आणखी एक ॲप घेऊ नये. कागद पुरेसा आहे. कामाच्या वेळेबाहेर लक्ष कामाकडे गेले की चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, कोणामुळे, कशाबद्दल, आणि तेव्हाच उत्तर दिले नसते तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेमके काय बिघडले असते. हा चौथा रकाना त्याच रात्री भरू नये. तो दुसऱ्या दिवशी दुपारी भरावा, कारण रात्री आलेली प्रत्येक गोष्ट तातडीची भासते आणि दुपारपर्यंत तिचे खरे वजन कळलेले असते. ‘कोणामुळे’ या रकान्यात स्वतःचे नावही प्रामाणिकपणे लिहावे. कोणी हाक मारलेली नसताना आपणच इनबॉक्स उघडून पाहिला असेल, तर ती नोंद इतर नोंदींइतकीच महत्त्वाची आहे.

आठवडा संपल्यावर नोंदी वाचल्या की त्या वेगवेगळ्या जातीच्या असल्याचे लक्षात येते, आणि येथेच बहुतेक सल्ले कमी पडतात, कारण ते सर्व नोंदींना एकच औषध देतात. काही मेसेज खरोखर तातडीचे असतात: यंत्रणा बंद पडलेली असते, एखाद्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न असतो, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघणाऱ्या माणसाला कागद हवा असतो. काही मेसेज तातडीचे झालेले असतात. दुपारी तीनला विचारायचा प्रश्न कोणी रात्री नऊला विचारतो, कारण त्याला तो तेव्हा आठवतो. काही मेसेजना तातडीच नसते, पाठवणाऱ्याला तेवढीच वेळ मोकळी मिळालेली असते आणि त्याने आपल्या डोक्यातले ओझे उतरवून टाकलेले असते. उरलेल्या नोंदी स्वतःच्या सवयीच्या असतात. पहिल्या प्रकाराला खात्रीचा मार्ग लागतो, दुसऱ्याला दिवसाच्या कामाची मांडणी सुधारावी लागते, तिसऱ्याला एक स्पष्ट संवाद पुरतो आणि चौथ्यासाठी फोनच्या सेटिंगचा खरा उपयोग होतो.

नोंदवलेली मिनिटेही एकदा जोडून पाहावीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका अंदाजे ३५ टक्के आणि हृदयाला कमी रक्तपुरवठा होण्याच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्के अधिक असतो. कागदोपत्री ४५ तासांची नोकरी असलेला माणूस रात्रीचे आणि रविवारचे तास धरून कोठपर्यंत पोहोचतो, हे त्याला स्वतःलाही अनेकदा ठाऊक नसते.

वरिष्ठांशी बोलणे

संपूर्ण पद्धतीतला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी भाग आहे. तो टाळून केवळ फोन बंद ठेवला, तर सहकाऱ्यांच्या दृष्टीने आपण अचानक बेपत्ता होतो आणि आपल्याही मनात अपराधीपणा राहतो. बोलताना सुरुवात तक्रारीने किंवा परवानगीच्या याचनेने करू नये. ‘सातनंतर मी फोन पाहिला नाही तर चालेल का?’ असा प्रश्न विचारला, की समोरच्या माणसाच्या मनात प्रथम अडचणीचे प्रसंग येतात आणि उत्तर नकाराकडे झुकते. त्याऐवजी तातडीच्या वेळी आपण कसे सापडू, येथून सुरुवात करावी. वरिष्ठांना बहुतेक वेळा आपला प्रत्येक मिनिट नको असतो. गरज पडलीच तर माणूस मिळेल एवढी खात्री हवी असते. ती खात्री दिली की उरलेले बोलणे सोपे होते.

प्रत्यक्षात असे म्हणता येईल: ‘संध्याकाळी सातनंतर मी ई-मेल आणि ग्रुप पाहणार नाही, पण खरोखर तातडीचे काही असेल तर आपण थेट फोन करावा, मी तो घेईन. बाकी सगळ्याला दुसऱ्या दिवशी दहापर्यंत उत्तर मिळेल. आपण हे पुढचे दोन आठवडे करून पाहू आणि काही अडले तर बदलू.’ या तीन वाक्यांत वेळ, मार्ग, उत्तराची हमी आणि प्रयोगाची मुदत अशा चारही गोष्टी येतात. मुदत विशेष महत्त्वाची आहे. कायमच्या बदलाला नाही म्हणणारी माणसे दोन आठवड्यांच्या प्रयोगाला सहसा हो म्हणतात, आणि दोन आठवड्यांनंतर काहीच कोसळले नाही हे सर्वांनी पाहिलेले असते.

शक्य असेल तेथे हे बोलणे एकट्याने न करता संपूर्ण गटाने करावे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लेस्ली पर्लो यांनी बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार कंपनीत केलेले प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. जेथे सदैव हजर असणे ही जणू नोकरीची अटच मानली जाते, अशा या व्यवसायात त्यांनी प्रत्येक सल्लागाराला आठवड्यातून ठरलेला मोकळा वेळ घेणे सक्तीचे केले. एका प्रयोगात आठवड्याच्या मधला पूर्ण एक दिवस आणि दुसऱ्यात एक संध्याकाळ. हा वेळ आधी ठरलेला होता आणि तो घेणे ऐच्छिक नव्हते, यामुळे गटाला कामाची वाटणी आधीपासून करावी लागली आणि कोणाकडे काय अडले आहे याबद्दल माणसे एकमेकांशी अधिक बोलू लागली. कामाचा दर्जा घसरला नाही. आपल्या गटासाठी यातून घेण्यासारखा धडा असा की, ‘जमेल तेव्हा विश्रांती घ्या’ या सद्भावनेपेक्षा ‘बुधवारची संध्याकाळ तुमची, त्या वेळी तुमचे फोन दुसरा घेईल’ ही ठरलेली गोष्ट अधिक टिकते.

तातडीसाठी एकच मार्ग

संवादाची साधने अनेक आणि त्यांपैकी प्रत्येकावर तातडीचे काही येण्याची शक्यता असेल, तर सर्वांवर लक्ष ठेवावे लागते. म्हणून प्रत्येक साधनाला उत्तराची एक अपेक्षित वेळ जोडावी आणि ती गटात लिहून ठेवावी. साधारण मांडणी अशी चालते: ई-मेलला कामाच्या एका दिवसात उत्तर, गटाच्या चॅटला कामाच्या वेळेत दोन-तीन तासांत, आणि फोन कॉल म्हणजे आत्ता. वेळा आपापल्या कामाप्रमाणे बदलाव्यात, पण तातडीचा मार्ग एकच असावा आणि तो थोडा गैरसोयीचा असावा. मेसेज टाकणे फार सोपे असते, त्यामुळे कोणतीही गोष्ट टाकली जाते. रात्री दहाला एखाद्याला फोन लावायचा म्हटले की माणूस क्षणभर थांबून हे उद्या चालेल का असा विचार करतो. तेवढा क्षण बरेचसे काम करून जातो.

व्हॉट्सॲपचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो, कारण तेथे घरची माणसे, मित्र आणि कार्यालय एकाच यादीत एकाखाली एक उभे असतात. नातेवाइकाचा मेसेज पाहायला गेलेली नजर वरच्या कामाच्या ग्रुपवर पडतेच. दोन क्रमांक ठेवणे शक्य असेल, तर कामासाठी वेगळे खाते हा सर्वांत स्वच्छ उपाय आहे; ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपने अँड्रॉइड फोनवर एकाच ॲपमध्ये दोन खाती वापरण्याची सोय जाहीर केली. ते शक्य नसेल तर कामाचे ग्रुप संध्याकाळी अर्काइव्ह करावेत. सेटिंगमध्ये चॅट अर्काइव्हमध्येच ठेवण्याचा पर्याय चालू असेल, तर नवा मेसेज आला तरी ग्रुप वर येत नाही आणि आपला थेट उल्लेख झाला किंवा आपल्या मेसेजला कोणी उत्तर दिले तरच नोटिफिकेशन येते. निळ्या खुणा बंद करण्याने थोडा दिलासा मिळतो, परंतु त्याच्या दोन मर्यादा आहेत: इतरांनी आपले मेसेज वाचले की नाही हे आपल्यालाही कळत नाही, आणि ग्रुपमध्ये त्या खुणा तशाच दिसत राहतात. माझ्या मते ही लपवाछपवी तात्पुरती ठीक आहे. उत्तराची वेळ एकदा उघड ठरली की वाचूनही उत्तर न देण्यात लाजण्यासारखे काही उरत नाही.

आता फोनची सेटिंग

येथपर्यंतचे काम झाले असेल तर फोनची सेटिंग अर्ध्या तासात होते. पहिला नियम असा की सर्व नोटिफिकेशन एकदम बंद करू नयेत. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्यांना नोटिफिकेशन दिवसातून तीन ठरलेल्या वेळी एकत्र मिळत होती, त्यांचे लक्ष आणि मनःस्थिती सुधारल्याचे दिसले. ज्यांची नोटिफिकेशन पूर्ण बंद केली होती, त्यांना मात्र काहीतरी हुकत असल्याची चिंता अधिक जाणवली. पूर्ण शांततेत माणूस स्वतःच पुन्हापुन्हा तपासू लागतो, हे त्यामागचे साधे कारण असावे.

आयफोनमध्ये २०२१ पासून नोटिफिकेशन अडवून धरणारी फोकस नावाची सोय आहे, तर अँड्रॉइडमध्ये डू नॉट डिस्टर्ब आणि डिजिटल वेलबीइंगमधील फोकस मोड आहेत. संध्याकाळची ठरलेली वेळ होताच हे आपोआप सुरू होईल असे वेळापत्रक लावावे. रोज हाताने सुरू करायचे ठरवले तर ज्या दिवशी त्याची सर्वांत अधिक गरज असते त्याच दिवशी ते राहून जाते. अपवादाच्या यादीत घरची माणसे आणि तातडीसाठी ठरलेले दोन-तीन सहकारी यांचे फक्त कॉल ठेवावेत. त्याचबरोबर एकाच क्रमांकावरून पुन्हा आलेला कॉल वाजू देण्याचा पर्याय चालू करावा. आयफोनवर तीन मिनिटांत आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत त्याच माणसाने दुसऱ्यांदा फोन केला, तर तो शांततेच्या काळातही वाजतो. ही छोटी सोय मनातील भीती फार कमी करते, आणि ती गटाला सांगून ठेवली की ‘फोन लागलाच नाही’ ही अडचणही मिटते.

कामाच्या ॲपवर दिसणारे लाल आकडे बंद करावेत. आवाज बंद केला तरी त्या आकड्याकडे नजर जाते आणि तो शून्य करण्याचा मोह होतो. ज्यांच्या अँड्रॉइड फोनवर कंपनीने वर्क प्रोफाइल, म्हणजे कामाच्या ॲपसाठीचा वेगळा कप्पा, दिलेली असते, त्यांना ती एका बटणाने थांबवता येते आणि कामाची सर्व ॲप सकाळपर्यंत झोपी जातात. जेथे कंपनी स्वतंत्र फोन देते तेथे तो घरात एका ठरलेल्या जागी, शक्यतो दाराजवळ, ठेवावा एवढेच सांगणे पुरे.

संध्याकाळचे ओझे दिवसा तयार होते

रात्रीचे मेसेज थांबवूनही काम घरी येत असेल, तर दिवसाकडे पाहावे लागते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ग्लोरिया मार्क यांनी २००४ च्या सुमारास माणसे स्क्रीनवरील एका गोष्टीवर सरासरी अडीच मिनिटे लक्ष ठेवतात असे मोजले होते. पुढील काळातील मोजणीत हा आकडा ४७ सेकंदांपर्यंत खाली आला. असा तुकड्यातुकड्यांचा दिवस संपतो तेव्हा एकाग्रतेने करायचे काम तसेच उरलेले असते आणि ते घरातील शांत वेळेत ढकलले जाते. बाहेरून पाहणाऱ्याला ही कामाची अतिनिष्ठा वाटते. वस्तुतः ते दिवसा झालेल्या व्यत्ययांचे व्याज असते.

यावर उपाय म्हणजे ई-मेल आणि चॅट सतत उघडे न ठेवता ठरावीक वेळी पाहणे. कॅनडातील कोस्टादिन कुश्लेव आणि एलिझाबेथ डन यांच्या २०१५ च्या प्रयोगात, ज्या आठवड्यात सहभागी लोकांनी ई-मेल दिवसातून तीनदाच पाहिले त्या आठवड्यात त्यांना कमी ताण जाणवला. सकाळी काम सुरू झाल्यानंतर तासाभराने, जेवणानंतर आणि निघण्याच्या पाऊण तास आधी, अशा तीन वेळा बहुतेक कार्यालयीन कामांत चालून जातात. शेवटची वेळ अगदी निघतानाची ठेवू नये, नाहीतर त्या वेळी वाचलेला अवघड मेसेज सोबत घरी येतो. ग्राहकांशी थेट संबंध असलेल्या किंवा रुग्णसेवेसारख्या कामात हे शक्य नसते. तेथे दिवसातून निदान एक तास दुसऱ्या कोणीतरी मेसेज सांभाळावेत अशी अदलाबदल करता येते.

दिवस संपवताना दहा मिनिटे लेखनासाठी ठेवावीत. काय अपुरे राहिले आणि त्यातील प्रत्येक गोष्टीचे पुढचे पाऊल कोणते, कधी उचलायचे, हे लिहावे. अपुरे काम मनात घोळत राहते हा सर्वांचा अनुभव आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवून दिले की, ते काम पूर्ण केले नाही तरी ते कधी आणि कसे करायचे याची नेमकी योजना आखल्याने हे घोळणे बरेच थांबते. म्हणून ‘अहवाल’ एवढेच लिहून भागत नाही. ‘अहवालातील दुसऱ्या भागाचे आकडे उद्या अकरापूर्वी लेखा विभागाकडून घेणे’ असे लिहावे. घरून काम करणाऱ्यांना ही दहा मिनिटे अधिक आवश्यक आहेत, कारण त्यांच्या दिवसात घरी परतण्याचा प्रवास नसतो. त्यांनी लेखन झाल्यावर लॅपटॉप बंद करून नजरेआड ठेवावा आणि लगेच थोडे बाहेर पडावे.

झोपेबद्दल थोडक्यात एवढेच की फोन शयनगृहाबाहेर चार्ज करावा आणि गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे. स्क्रीनच्या प्रकाशाची चर्चा फार होते आणि झोपण्यापूर्वी काही तास प्रकाशमान स्क्रीनवर वाचल्याने झोपेशी संबंधित मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवते हे प्रयोगांत दिसलेही आहे. पण रात्री अकराला वाचलेला वरिष्ठांचा नाराजीचा मेसेज कोणत्याही फिल्टरने पिवळसर केल्याने सौम्य होत नाही.

रजा

रजेची तयारी रजेच्या आदल्या दिवशी सुरू केली तर उशीर झालेला असतो. किमान आठवडाभर आधी चालू कामांची यादी, प्रत्येक कामासाठी पर्यायी माणूस आणि त्याला लागणाऱ्या फाइल्सची जागा लिहून द्यावी. आपोआप जाणाऱ्या उत्तरात ‘मी रजेवर आहे, ई-मेल अधूनमधून पाहीन’ असे लिहू नये. या वाक्याने आपण रजेतही उपलब्ध असल्याचे स्वतःच जाहीर करतो. ‘मी अमुक तारखेपर्यंत रजेवर आहे, तोपर्यंत या विषयासाठी अमुक सहकाऱ्याशी संपर्क साधावा’ एवढे पुरे, आणि परतण्याची तारीख एक दिवस पुढची द्यावी, म्हणजे साचलेले वाचायला मोकळा दिवस मिळतो. जर्मनीतील डाइमलर कंपनीने २०१४ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना याच्या पुढचा पर्याय दिला: रजेत आलेले ई-मेल आपोआप पुसले जात आणि पाठवणाऱ्याला तसे कळवून दुसऱ्या माणसाचा पत्ता दिला जाई. परत आल्यावर शेकडो ई-मेलचा डोंगर वाट पाहत असणार ही जाणीवच रजेतील माणसाला इनबॉक्स उघडायला लावते, हे त्या कंपनीने नेमके ओळखले होते.

काही पदांवर पूर्ण तुटणे खरोखर शक्य नसते. तेथे दिवसातून एक ठरलेला अर्धा तास ठेवावा, तो घरच्यांना सांगावा, आणि त्याबाहेर इनबॉक्स उघडू नये. दिवसभर अर्धे हजर राहण्यापेक्षा अर्धा तास पूर्ण हजर राहणे सोबतच्या माणसांनाही सुसह्य होते.

आपण वरिष्ठ असाल तर

हाताखालच्या माणसांना ‘रात्री उत्तर देण्याची गरज नाही’ असे सांगून स्वतः रात्री अकराला मेसेज पाठवणाऱ्या वरिष्ठांचे बोलणे कोणी खरे मानत नाही. रात्री काम करण्याची आपली सवय असेल तर ती जरूर ठेवावी, पण मेसेज सकाळी पोहोचतील अशी वेळ लावून द्यावी. जीमेलमध्ये ही सोय २०१९ पासून आहे आणि आउटलुक व टीम्समध्येही ती मिळते. तत्काळ पाठवणे भागच असेल तर पहिल्याच ओळीत ‘याचे उत्तर उद्या दुपारपर्यंत चालेल’ असे लिहावे. बैठकीत मध्यरात्री उत्तर देणाऱ्याचे कौतुक करणे थांबवावे. एका माणसाचे असे कौतुक झाले की उरलेले सर्व जण त्यातून नियम शिकतात, आणि तो नियम नंतर कोणत्याही परिपत्रकाने पुसता येत नाही.

ऑनकॉल कामाची, म्हणजे गरज पडल्यास बोलावले जाण्याची, पाळी असेल तर ती लेखी असावी: कोण, कोणत्या दिवशी, किती ते किती, आणि किती वेळात प्रतिसाद अपेक्षित. ज्याची पाळी नाही त्याला त्या वेळेत बोलावले जाऊ नये. वेगवेगळ्या टाइम झोनमध्ये काम करणाऱ्या गटांत अडचणीच्या वेळेची बैठक आलटून पालटून दोन्हीकडच्या लोकांनी सोसावी. ती कायम एकाच बाजूच्या वाट्याला येत असेल तर तो नियोजनाचा दोष आहे.

बोलूनही काही बदलले नाही तर

वैयक्तिक शिस्तीने या प्रश्नाचा एक हिस्साच सुटतो. फोक्सवॅगनने २०११ मध्ये जर्मनीतील काही कर्मचाऱ्यांसाठी पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने ब्लॅकबेरी फोनवर ई-मेल पाठवणे सर्व्हरवरूनच बंद केले, तेव्हा ते कामगार प्रतिनिधींबरोबर झालेल्या कराराने झाले होते. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालच्या २०२१ च्या कायद्याने जबाबदारीची बाजू बदलली: अपवादात्मक परिस्थिती वगळता विश्रांतीच्या वेळेत कर्मचाऱ्याशी संपर्क न साधणे हे मालकाचे कर्तव्य ठरले.

ऑस्ट्रेलियाचा कायदा २६ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला आणि त्यातील कसोट्या अन्य कोणत्याही ठिकाणच्या माणसालाही विचारासाठी उपयोगी आहेत. कामाच्या वेळेनंतर आलेल्या संपर्काला प्रतिसाद न देण्याचा हक्क तेथे कर्मचाऱ्याला आहे, मात्र तो नकार अवाजवी नसावा. अवाजवी आहे की नाही हे ठरवताना संपर्काचे कारण काय होते, तो कसा केला गेला आणि त्याने किती व्यत्यय आला, अशा उपलब्धतेसाठी काही मोबदला मिळतो का, पदाची जबाबदारी किती आहे आणि त्या व्यक्तीची घरची परिस्थिती काय आहे, या गोष्टी पाहिल्या जातात. आपल्या आठवडाभराच्या नोंदींतील प्रत्येक ओळीला हे प्रश्न लावून पाहिले, तर वरिष्ठांसमोर ‘मला फार मेसेज येतात’ या मोघम तक्रारीऐवजी ‘गेल्या आठवड्यात रात्री आलेल्या या मेसेजपैकी एवढ्यांना सकाळी उत्तर चालले असते’ असे ठोस म्हणणे मांडता येते. तरीही उत्तर ‘आमच्याकडे असेच चालते’ असे आले, तर तो वेळ कामाचाच वेळ आहे असे धरून मोबदला, बदली रजा किंवा कामाची फेरवाटणी यांपैकी काहीतरी लेखी मागावे.

काही माणसांना काम आणि घर यांची सरमिसळ मनापासून आवडते. दुपारी मुलांना शाळेतून आणता यावे म्हणून ती रात्री आनंदाने काम करतात. त्यांच्यासाठी वेळेची सीमा हा चुकीचा निकष आहे. त्यांनी एवढेच तपासावे की रात्रीचे काम आपण निवडलेले आहे की आपल्यावर येऊन पडते, आणि दुपारी घेतलेली मोकळीक खरोखर मिळते आहे की दोन्ही बाजूंनी आपणच वेळ देत आहोत.

नवी नोकरी शोधणाऱ्यांनी मुलाखतीतच याची चौकशी करावी. ‘येथे कामाचा आणि घरचा समतोल कसा आहे?’ या प्रश्नाला सर्वत्र गोड उत्तर मिळते. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात या गटात रात्री आठनंतर कोणाला संपर्क करावा लागला होता का, आणि कशासाठी?’ असे विचारावे, आणि शक्य असल्यास तोच प्रश्न गटात काम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीलाही स्वतंत्रपणे विचारावा.